स्नोमोबिलला कुंची

हँकॉक, मिशिगन
१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

प्रिय वन्सं,

नमस्कार लिहावा तर नात्याने तू लहान, आशीर्वाद लिहावा तर वयाने तू माझ्याहून चार महिने मोठी. म्हणून नुसतंच प्रिय. सासूबाईंसमोर मी तुला 'तुम्ही' म्हणायची आणि त्यांची पाठ वळली की 'तू', ते आता ह्या वयात सुधारणार नाही.

मी बरी आहे. बीपी ठीक, डावा गुडघा कुरकुरतो, त्याला मी दाद देत नाही. तुझं पार्सल पोचलं. पोस्टवाल्याने पायरीवर ठेवलं आणि वर बर्फ पडला, म्हणून दोन दिवस मला त्याचा पत्ताच नाही. फावड्याला खोकं लागलं तेव्हा कळलं. मेतकूट अगदी कोरडं राहिलंय, काल मऊ भातावर घालून तूप सोडून खाल्लं. तुझ्या सुनेला, प्रीताला म्हणावं, पॅकिंग झकास होतं. आमची लेक अंतरा दर रविवारी रेडमंडहून फोन करते आणि पावसाला नावं ठेवते. मी तिला खिडकीचा फोटो पाठवते, अर्धी काच बर्फात गेलेली, मग ती गप्प बसते.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर तू विचारलंस, "वहिनी, नक्की कधी निघतेस?" आणि मी, इकडे बर्फ फार आहे, नीट ऐकू येत नाही, असं म्हणून फोन ठेवला. बर्फाने फोन ऐकू येत नाही असं कुठे असतं का गं? तुला कळलंच असेल. पण तुझ्या केदारच्या घरी फोन कायम स्पीकरवर, इकडे प्रीता, तिकडे मुलं, त्या भरल्या दरबारात मी काय बोलणार? आणि खरं कारण वेगळंच आहे. मी बोलले असते आणि तू गप्प झाली असतीस तर मला ते सोसलं नसतं. तुझं गप्प बसणं मला चांगलं ठाऊक आहे. पत्रात निदान तुझं गप्प बसणं मला दिसणार नाही.

केदारने मॉरिसव्हिलला त्याच्या घरामागचं टाउनहाउस आपल्या दोघींसाठी बघून ठेवलंय, खाली दोन बेडरूम, जिना चढायला नको. तू पडदेसुद्धा पसंत केलेस, मला फोटो आले. आणि बर्फ वितळला की इथलं घर, कॅम्प सगळं विकायला काढायचं हेही मीच कबूल केलं होतं. हे सगळं माझ्या लक्षात आहे. त्याचंच उत्तर लिहायला बसलेय. पण आधी स्नोमोबिलची हकिकत ऐक. हसू नकोस, ती उत्तरातलीच आहे.

कॅम्प तुला आठवतो ना? तळ्याकाठचं आमचं लाकडी घर, जिथे तुला डासांनी फोडून काढलं होतं. इकडे त्याला कॅम्पच म्हणतात. हिवाळ्यात तिकडच्या रस्त्याचा बर्फ कोणी काढत नाही, त्यामुळे जायचं तर स्नोमोबिलवर, म्हणजे बर्फावर घसरत जाणाऱ्या त्या स्कूटरवर. तुझ्या दादांची ती जुनी पिवळी. हे गेल्यापासून चार हिवाळे ताडपत्रीखाली पडून होती. यंदा बर्फ इतका झालाय की कॅम्पचं छप्पर खाली यायची भीती, आणि घर विकणाऱ्या बाईंना बर्फातले फोटोही हवे होते. म्हणून मी ती बाहेर काढली. सत्तरीला टेकलेली बाई स्नोमोबिल चालवते म्हणून केदार ओरडेल, तर त्याला हे वाचून दाखवू नकोस.

काढली खरी, पण दहा मिनिटं चालायची, मग धापा टाकायची आणि बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दुकानात दाखवायचं तर तिथे ही रांग. बँडमास्तर मदतीला आला, पण त्याला कळतं हवा ट्रंपेटमधून कशी जाते ते, इंजिनात कशी जाते ते नाही. आम्ही दोघं बॉनेट उघडून आत बघत उभे राहिलो, दुसऱ्याच्या घरच्या भांडणात सापडल्यासारखे.

मग मी त्याला म्हटलं, तू जरा बाजूला हो आणि मशीन सुरू कर, मी ऐकते. वन्सं, मी जन्मभर दुसरं केलं काय? तुझ्या दादांनी कापायचं आणि मी भूल देऊन पेशंटच्या उशाशी बसून त्याचा श्वास ऐकायचा. ते मशीन तसंच ऐकलं. आधी बरं, मग घुसमट, मग एक आचका आणि शांत. इंजिनाला काही झालं नव्हतं, त्याची श्वासनलिका बंद होत होती. पुढच्या बाजूला हवा आत घ्यायची जाळी आहे. भुरभुरीत बर्फातून गेलं की तो बर्फ उडतो आणि हवेबरोबर थेट त्या जाळीवर ओढला जातो. इंजिनाच्या उबेने वितळतो, गारठ्याने परत गोठतो, हवेचा रस्ता बंद. बाहेरून धडधाकट, आतून गुदमरलेलं.

तयार आवरणं मिळतात म्हणे, पण इतक्या जुन्या मॉडेलची नाहीत. मी म्हटलं, त्यात काय, मी करते. आणि काय घेतलं असेल मी? चक्का बांधायचं मलमलचं फडकं. पाणी जातं, दही राहतं, तर हवा जाईल आणि बर्फ राहील, असा माझा हिशोब. इलॅस्टिक लावून जाळीवर ताणून बसवलं. गॅरेजभर श्रीखंडाचा वास सुटला होता आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

बँडमास्तर कोण ते तू केव्हाच ओळखलं असशील. अंतराला शाळेत क्लॅरिनेट शिकवणारा आर्वो. मी इतका वेळ नाव टाळत होते, कारण नाव आलं की आडनाव येतं. आता लिहूनच टाकते, तसंही तू ते विसरणं शक्य नाही. अहो.

पहिल्यांदा आम्ही त्याला शाळेत भेटलो तेव्हा त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "अहो." मी लाजून लाल. हे गाडीत बसेपर्यंत कसेबसे गप्प राहिले आणि मग घर येईपर्यंत हसत होते. इथे फिनलंडहून आलेल्यांची वस्ती जुनी, त्यांच्यात हे आडनाव चांगलं चारचौघांसारखं आहे. त्यांच्या भाषेत अहो म्हणजे जंगलातली मोकळी जागा. पण मला ते सांगून काय उपयोग? दवाखान्यात मी ह्यांना डॉक्टर म्हणायची आणि घरी अहो. गावात सगळे त्याला मिस्टर अहो म्हणतात. मी मात्र इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही, कायम आर्वो. तू इकडे आली होतीस तेव्हा तो दारात दिसला की तू आतून ओरडायचीस, "वहिनी, अहो आलेत," आणि हे विचारायचे, "कुठले?" मग तुम्ही बहीणभाऊ मिळून माझी रेवडी उडवायचात.

ह्यांचा तो मित्र होता, हे मी तुला सांगायला नको. शनिवारी दोघं कॅम्पवर जाऊन त्या लाकडी खोलीत वाफ घेत, घाम काढत बसायचे आणि मग तळ्यात उड्या मारायचे. त्याची बायको फार पूर्वी ह्या थंडीला कंटाळून ॲरिझोनाला गेली, ती गेलीच. हे गेल्यावर दर हिमवादळानंतर माझ्या दारातला बर्फ काढलेला असायचा. कोणी काढला ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग एकदा मी पोहे केले आणि हाक मारली. पुढे गुरुवारी पोहे हे ठरूनच गेलं. तो येताना वेलची घातलेला गोड पाव घेऊन येतो, त्याच्या आईची पद्धत. ह्या गावात माझ्याशिवाय वेलचीचा डबा असलेलं ते एकच घर आहे.

तर दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी आम्ही कॅम्पला निघालो. एकच मशीन, मी चालवायला, तो मागे फावडी धरून. अर्ध्या वाटेपर्यंत माझं फडकं शहाण्यासारखं वागलं. मग ते ओलं झालं, गोठलं आणि पापडासारखं कडक झालं. सुती कापड पाणी पितं हे मला, जन्मभर फडकी पिळणाऱ्या बाईला, आठवू नये! आधी निदान थोडी हवा आत जात होती, आता मी स्वतःच्या हाताने बूच लावून ठेवलं होतं. ऐन पाइनच्या जंगलात मशीन बंद पडलं. फोनला रेंज नाही, बर्फ जोरात सुरू झालेला. वळणाची खूण कुठे आहे ते बघून येतो म्हणून आर्वो उतरला, पाचपन्नास पावलं गेला असेल, आणि दिसेनासा झाला.

पांढऱ्याशिवाय काहीही दिसत नव्हतं. मी आधी घाबरले नाही. थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. मग मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तोंडातून आर्वो आलंच नाही. स्वयंपाकघरातून मारावी तशी खणखणीत हाक आली, "अहो!"

आणि त्या पांढऱ्यातून उत्तर आलं, "येस?"

वन्सं, मी कोणाला हाक मारली ते माझं मलाच कळेना. ह्यांना की त्याला? तुला खोटं सांगणार नाही, दोघांनाही. दोघांतला एकच ओ देऊ शकत होता आणि त्याने दिली. मी त्या बंद मशीनवर बसून मोठमोठ्याने रडले. हे गेले तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "वहिनी, तू रडत का नाहीस, मला तुझी भीती वाटते." ते रडणं मला चार वर्षांनी जंगलात सापडलं.

तो धावत आला. त्याला वाटलं माझी बोटं गारठली, म्हणून माझे हातमोजे काढून बोटं तपासायला लागला. मग म्हणाला, तू मला आडनावाने आज पहिल्यांदा हाक मारलीस. मी त्याला सगळं सांगितलं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलंच तर उखाण्यात, आणि एरवी हाक मारायची ती अशी. त्याच्या भुवयांवर बर्फ साचत होता आणि तो मन लावून ऐकत होता. मला वाटलं आता हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "म्हणजे मी जन्मभर ह्या हाकेला ओ देत आलोय."

मग फडकं काढून फेकलं, जाळी साफ केली आणि हळूहळू, थांबत थांबत घरी आलो. कॅम्पपर्यंत पोचलोच नाही. 

घरी आल्यावर मी दोन दिवस त्याला फोन केला नाही. शिवणाचं मशीन काढून बसले. हाताला काहीतरी काम हवं होतं आणि छपरावरचा बर्फ काही माझ्या मनाची वाट बघणार नव्हता. कपाटातली एकेक वस्तू तोंडावर धरून श्वास घेऊन बघितला आणि मग नळाखाली धरली. जॉर्जेट फार दाट, शिफॉन पाणी पितं. शेवटी मी लग्न करून इकडे आले तेव्हाची नायलॉनची साडी निघाली. आठवते? भर जानेवारीत ती नेसून मी डेट्रॉइटला उतरले होते. तीच पास झाली. श्वास सरळ आत, पाणी मात्र अंगाला लावून घेत नाही, झटकलं की कोरडी.

आणि आकार? ताणून बसवलं हीच माझी चूक होती. सपाट कापडावर बर्फ बसतो. सैल पाहिजे, फुगीर, वरून उतरतं आणि मागे झालर सोडलेलं, म्हणजे बर्फ घसरून जाईल आणि हवा खालून, बाजूने, कुठूनही येईल. हे सगळं मनात चाललं असताना एकदम लक्षात आलं की आपण ज्याचा विचार करतोय ती कुंची आहे. अंतराच्या बारशाला तू शिवून पाठवलेली कुंची माझ्या ट्रंकेत आहे. तिच्यावरून माप घेतलं, चौपट केलं आणि शिवली. तुझी कुंची तशीच परत ठेवलीय, कात्री लावलेली नाही, शपथ.

पेट्रोल पंपावरच्या माणसाने विचारलं, तुमच्या मशीनला बाळाचं टोपडं का घातलंय? मी म्हटलं, त्याला सर्दी होते.

गेल्या शनिवारी ती घालून पुन्हा निघालो. नवा भुरभुरीत बर्फ होता, मशीनच्या नाकापर्यंत उडत होता. कुंचीवर पडायचा आणि घसरून जायचा. मशीन एकदाही गुदमरलं नाही. दुपारपर्यंत आर्वोने छप्पर मोकळं केलं, मी खाली शेगडी पेटवली. मग विकणाऱ्या बाईंसाठी फोटो काढायला फोन बाहेर काढला आणि हातच उचलेना. तळं, ती घाम काढायची खोली, छपरावरून खाली आलेला बर्फाचा ढीग, आणि त्या ढिगावर उभा असलेला हा. मला हे सोडून जायचं नाही, वन्सं. चार वर्षं मी इथे फक्त शिल्लक राहिलेय असं मला वाटत होतं. तसं नाहीये, मी इथे राहतेय.

मीच विचारलं. त्याच्यावर सोडलं असतं तर आणखी दहा हिवाळे गेले असते. त्याने फावडं खाली ठेवलं, टोपी काढली, परत घातली, आणि हो म्हणाला.

तर माझं उत्तर हे आहे. मी मॉरिसव्हिलला येत नाही. केदारला सांग, टाउनहाउस कॅन्सल कर, आणि मामीच्या वतीने सॉरी म्हण. जूनमध्ये आम्ही इथल्या कोर्टात लग्न करू, पाहुणे बोलावणार नाही. अंतराला सांगितलं. ती इंग्लिशमध्ये रडली, इंग्लिशमध्ये हसली आणि मग मराठीत म्हणाली, "पण आत्याला तूच सांग." ती पण तुला घाबरते. मी आडनाव बदलणार नाही. मिसेस अहो काय, आरशात बघून स्वतःलाच हाक मारू?

तुझ्या दादांचा फोटो दिवाणखान्यात आहे तिथेच राहणार. मी विचारायच्या आधी आर्वोनेच सांगितलं, माझ्या मित्राला हलवायचं नाही. त्यांच्या तिथीला मी दर वर्षी करते ते करणार, आर्वो जेवायला असेल, तसा तो आजवर होताच. मी कोणाला पुसून कोणाला लिहीत नाहीये. हे कसं सांगावं मला कळत नाही. नवऱ्यावर माझं प्रेम होतं, आहे, आणि हे दुसरं त्याच्या शेजारीच उगवलंय. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला मी हे वाक्य लिहिलं नसतं.

आर्वोबद्दल मला अपराधी वाटत नाही. तुझ्याबद्दल वाटतं. पुण्याचं घर आवरून तू केदारकडे आलीस, अरुणरावांच्या मागे. दिवसभर ती दोघं ऑफिसला, मुलं शाळेत, आणि तू त्या मोठ्या घरात एकटी. संध्याकाळी पहिली गाडी वळली की खिडकीत जातेस, हे तू नाही, प्रीताने मला सांगितलं. तू माझी वाट बघत होतीस. दोघी मिळून भाजी निवडू, भांडू, दुपारी झोपू, असं ठरवून बसली होतीस, आणि मी ते मोडलं.  इथली वरची खोली तुझी आहे असं लिहायला सोपं आहे, पण तुला सप्टेंबरातसुद्धा स्वेटर लागतो हे मला माहीत आहे. तरी लिहिते. खोली तुझी आहे, उन्हाळ्यात ये, हवी तितकी राहा, डासांचा बंदोबस्त मी करीन.

परवानगी मी मागत नाहीये. ह्या वयात मागणार नाही आणि तूही देऊ नकोस. मला भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. माहेरची माझी सगळी माणसं गेली. चव्वेचाळीस वर्षं मला वहिनी म्हणणारं एकच माणूस ह्या जगात उरलंय. ज्या माणसामुळे तू मला वहिनी म्हणतेस ते माणूस नाही, आणि आता मी दुसऱ्याची बायको होणार. मग तू मला काय म्हणणार? मी ह्या प्रश्नापाशी रोज अडते. बाकी गावाने, नातेवाइकांनी काय म्हणायचं ते म्हणू देत. तू मला नीलांबरीबाई म्हणालीस तर मात्र मी मोडेन.

फोन करू नकोस, स्पीकर असतो. पत्र लिही. रागाचं लिही, चार ओळींचं लिही. मायना काय घालायचा ते तुझं तू ठरव. पोस्टवाल्याची वाट मी खिडकीत बसून बघेन, तू बसतेस तशीच.

गुडघ्याला तेल लाव. तुझ्याही.

तुझी,
वहिनी

('वहिनी' हे मी माझ्या हाताने लिहिलंय. खोडायचं असलं तर तुझ्या हाताने खोड.)